हार्टच्या गोळीने आतड्यात अल्सर होतो का?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ७१, चालताना छातीत दुखायचं म्हणून गेली काही वर्षं निकोरँडिल आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. मधेमधे तोंड यायचं, बी-कॉम्प्लेक्स देऊन सोडून दिलं. आता पोट दुखतं, वजन उतरलंय, शीतून रक्त जातं. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात अल्सर दिसले, बायोप्सीत कॅन्सर नाही, टीबी नाही. क्रोन्स (आतड्याला सूज येऊन अल्सर होण्याचा आजार) असेल म्हणून औषध दिलंय पण फरक शून्य. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज घेतात, तरी हे कसं? ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : तुम्ही तोंड येण्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण मला सगळ्यात आधी संशय आला तो निकोरँडिलचाच. ही गोळी हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करते, अँजायनाला (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्याला) चांगला आराम देते, पण काही जणांना तिच्यामुळे अल्सर होतात आणि ते तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतात, कधी कातडीवर सुद्धा. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत होतील किंवा कित्येक वर्षांनी, त्यामुळे "इतकी वर्षं घेतायत, मग आत्ताच कसं" असं म्हणून ही शंका बाजूला टाकता येत नाही. आणि होतं काय, की पोटाचे डॉक्टर पोटाचे रिपोर्ट बघतात, हार्टचे डॉक्टर ईसीजी बघतात आणि तोंड आलेलं कोणाला सांगायचं हे घरच्यांना सुचत नाही! दुर्बिणीतून हे अल्सर क्रोन्ससारखेच दिसू शकतात, म्हणून गल्लत होते.

या अल्सरची खूण म्हणजे नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत, निकोरँडिल बंद केली की मगच भरतात आणि त्यालाही काही आठवडे ते काही महिने लागतात. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एमएचआरएने, २०१६ मध्ये डॉक्टरांना स्पष्ट कळवलं होतं की अँजायनाला ही गोळी पहिली निवड म्हणून देऊ नका आणि अल्सर झाला तर बंद करा.

पण म्हणून उद्या सकाळपासून तुम्ही घरीच बंद करू नका हं, छातीतलं दुखणं उसळू शकतं. हार्टच्या डॉक्टरांना कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट दाखवा आणि सरळ विचारा की हे निकोरँडिलमुळे असू शकेल का, बदलून काय देता येईल. बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, रॅनोलॅझिन असे पर्याय असतात, वडिलांना कुठला चालेल ते बीपी, नाडी बघून तेच ठरवतील.

अ‍ॅस्पिरिनही निर्दोष नाही. कोटिंगवाली गोळी पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, त्यामुळे लहान आतड्याला इजा होऊ शकते, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी जठराला वाचवते पण खाली आतड्यात तिचा तसा उपयोग नाही, कारण तिथली इजा अ‍ॅसिडमुळे होत नाही. स्टेंट असेल तर मात्र अ‍ॅस्पिरिन अजिबात मनाने थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. हिमोग्लोबिन तेवढं लगेच तपासून घ्या.

क्रोन्ससाठी स्टिरॉइड दिलं असेल तर तेही हार्टच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, निकोरँडिलसोबत स्टिरॉइड असलं की आतड्याला भोक पडायचा धोका वाढतो. अचानक जोरात पोट दुखून कडक झालं, ताप आला, शी डांबरासारखी काळी झाली (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळी होते), चक्कर येऊन घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

ऑपरेशनचं म्हणाल तर भोक पडलं किंवा रक्त थांबेचना तर करावं लागतं, एरवी घाई नको. निकोरँडिल चालू ठेवून ऑपरेशन केलं तर टाक्यांची जखमही नीट न भरण्याची भीती असते, म्हणून आधी गोळी बदलून बघायची आणि मग काही महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी.