संस्था कशी टिकते, याचा अभ्यास सुरू करताना

निफाडच्या द्राक्ष उत्पादक कंपनीचा अभ्यास आपण व्यवस्थापकीय सायबरनेटिक्सच्या, म्हणजे संस्था माहिती व प्रतिसाद यांच्या आधारे स्वतःला कशी सावरते हे पाहणाऱ्या शास्त्राच्या, अंगाने करणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. या शास्त्राचे ब्रिटिश प्रवर्तक स्टॅफर्ड बिअर यांनी १९७२ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रारूपात टिकाऊ संस्थेची पाच कार्ये येतात: प्रत्यक्ष काम, समन्वय, अंतर्गत नियंत्रण, बाहेरच्या जगाचा व भविष्याचा वेध आणि धोरण. सुरुवातीला एवढे पुरे आहे; प्रारूपाच्या आत दडलेली प्रारूपे, म्हणजे संस्थेच्या प्रत्येक कार्यरत घटकातही हीच पाच कार्ये असतात ही बाब, तूर्त बाजूला ठेवावीत.

नवे अभ्यासक बहुधा पदांचा तक्ता समोर घेऊन प्रत्येक कार्यापुढे एकेका अधिकाऱ्याचे नाव लिहितात, आणि तिथेच अभ्यास भरकटतो. जो व्यवस्थापक सकाळी शीतगृहातील जागेचे वाटप ठरवतो, तोच दुपारी युरोपातील कीटकनाशक अवशेषांच्या बदललेल्या मर्यादा तपासत असतो. व्यक्ती एक असली तरी कार्ये दोन आहेत.

दुसरी चूक समन्वयाकडे दुर्लक्ष करण्याची. सर्व बागाईतदारांचा माल एकाच दिवशी पॅकहाऊसवर (द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या जागी) येऊ नये म्हणून आखलेले काढणीचे वेळापत्रक क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते संस्थेचे आरोग्य तिथेच सर्वांत आधी कळते.

सायबरनेटिक्सचे ब्रिटिश अभ्यासक रॉस ॲशबी यांचा नियमही ध्यानात असू द्या: परिस्थितीत जितके वैविध्य, तितकेच उत्तरांतही हवे. अवकाळी पावसाच्या रात्री निर्णयाचा अधिकार बागेजवळच्या माणसाकडे नसेल, तर मुख्यालयाने कितीही अहवाल मागवले तरी उपयोग नाही.

म्हणून काढणीच्या हंगामात काही दिवस पॅकहाऊसमध्ये बसा आणि अडचण आली की कोण कोणाला फोन करतो, एवढेच टिपून ठेवा.