सीमेवरची बातमी बूस्ट करण्याआधी

मास्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलेल्या सोशल नेटवर्कवर नवीन आहेस, म्हणून सांगतो. 'अमेरिकेच्या सीमेवर सगळ्यांचे फोन तपासतात' छापाची पोस्ट दिसली की ती बूस्ट करण्याआधी, म्हणजे आपल्या फॉलोअर्सना पुढे पाठवण्याआधी, मूळ आकडा शोध. तिथल्या सीमा खात्याच्याच नोंदीनुसार 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 47 हजार तपासण्या झाल्या. प्रवासी 40 कोटींहून जास्त. तपासणी होते हे खरंच, पण 'सगळ्यांची' ही थाप. पोस्टमधल्या बातमीची तारीखही बघ.

मास्टोडॉनवर घाई जरा जास्तच अंगाशी येते. पोस्ट खोडलीस तरी तुझा सर्व्हर बाकीच्या सर्व्हरना फक्त 'काढा' असा निरोप धाडतो. एखाद्याने तो मानला नाही, तर प्रत तिथेच राहते. आणि तक्रार न्यायला मुख्य कचेरी नाहीच! म्हणून खोडण्यापेक्षा पोस्ट दुरुस्त कर. बूस्ट केलेल्यांना तशी सूचना जाते.