युजर-स्पेस ड्रायव्हर आणि कर्नल: रिंग सोपी, हाक मारणं अवघड

तुम्ही विचारलंय की लिनक्सवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर युजर-स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) बाहेर साध्या प्रोग्रामसारखा लिहिला, तर पॅकेट कर्नलच्या टीसीपी/आयपी स्टॅककडे कशी पोचवायची, आणि दर पॅकेटला एक सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलला केलेली विनंती) केला तर चालेल का.

सुरुवातीला खुशाल करा. टॅप डिव्हाइस (कर्नलने दिलेलं आभासी नेटवर्क कार्ड) उघडायचं, एका राइटला एक फ्रेम, म्हणजे लाइनवरचं एक पॅकेट. दुपारभरात पिंग चालू होईल. पण १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १ कोटी ४८ लाखांवर येतात, म्हणजे एकीच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. तिथे दर पॅकेटला सिस्टम कॉल परवडत नाही.

मग रिंगा आल्या, म्हणजे ड्रायव्हर आणि कर्नल यांच्या सामायिक मेमरीतल्या गोल फिरणाऱ्या रांगा. एका रिंगेत लिहिणारा एकच, वाचणारा एकच, म्हणजे लॉक लागत नाही. लिनक्स ४.१८ मध्ये (२०१८) आलेलं एएफ_एक्सडीपी (अशाच रिंगांवर चालणारं सॉकेट) नमुना म्हणून जरूर वाचा: दोन रिंगांतून पॅकेटची ये-जा, उरलेल्या दोन फक्त बफरांच्या देवाणघेवाणीसाठी. लिंक चालू-बंद, मॅक पत्ता, एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) असली कामं या रिंगांत कोंबू नका. त्यांना साधा, संथ मार्ग पुरतो.

माझे चार दिवस गेले ते झोपण्या-उठण्यात. भरपूर ट्रॅफिक असली की सगळं सुरळीत, आणि रात्री तुरळक पॅकेट येत असली की ड्रायव्हर गप्प! होत होतं असं: ड्रायव्हर रिंग तपासतो, ती रिकामी असते, म्हणून तो झोपायला निघतो. नेमकं तेव्हाच कर्नल पॅकेट टाकतो, पण हा अजून जागाच आहे असं समजून हाक मारत नाही. उपाय क्रमात आहे. आधी ‘मी झोपतोय’ हा फ्लॅग लावा, मग पूर्ण मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं यांचा क्रम प्रोसेसरला बदलू न देणारी सूचना), मग रिंग पुन्हा एकदा बघा, आणि तरीही रिकामी असेल तरच इव्हेंटएफडीवर (हाक ऐकू येण्याच्या फाइल डिस्क्रिप्टरवर) झोपा. कर्नलकडूनही तसंच: आधी पॅकेट, मग बॅरियर, मग फ्लॅग बघायचा. एका बाजूचा बॅरियर विसरलात तर दुसऱ्याचा उपयोग शून्य.

कर्नलच्या बाजूने लिहिताना समोरच्या प्रक्रियेवर विश्वास ठेवू नका. रिंगेतली नोंद (डिस्क्रिप्टर: पॅकेट कुठे आहे, किती लांब आहे) आधी स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्या, मग लांबी तपासा. सामायिक मेमरीतच तपासलीत तर तपासणी आणि वापर यांच्या मधे ती बदलता येते. कार्डाच्या डीएमएसाठी (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्यासाठी) कार्ड युजर-स्पेसला देण्याच्या दोन सोयींपैकी यूआयओ नको, व्हीएफआयओ घ्या, म्हणजे आयओएमएमयूचं कुंपण मिळतं: कार्डाला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर जाता येत नाही.

आणि भर ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हरला किल -९ मारून (तडकाफडकी बंद करून) बघा. त्याच्याकडे अडकलेले बफर कर्नलने परत घेतले नाहीत, तर रिंगेची मालकी कुणाकडे हे तुमच्या रचनेत अजून ठरलेलं नाही.