सवाई मराठी कोण बोलतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातला तमिळ सहकारी अगदी स्वच्छ मराठी बोलतो. आपण सर्रास 'माझी मदत कर' म्हणतो, तो 'मला मदत कर' म्हणतो. त्याचं बोलणं ऐकून घरचे म्हणाले, "बघ, तुझ्यापेक्षा चांगलं मराठी येतं त्याला." तर शिकून बोलणारा माणूस मातृभाषा असलेल्याच्या पुढे जाऊ शकतो का?

गेली १९ वर्षं मी पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. बदली होऊन आलेले बँकवाले, दवाखान्यातल्या सिस्टर, लग्न करून मराठी घरात आलेल्या मुली, असे सगळे येतात. त्या अनुभवावरून सांगते, हो, पुढे जाऊ शकतो. पण तुमच्या घरच्यांनी ज्या कारणासाठी त्याला शंभरपैकी शंभर दिले, ते कारण मला पटत नाही.

आधी पुढे गेलेल्यांबद्दल. काका कालेलकर साताऱ्यात १८८५ साली मराठी घरात जन्मले आणि पुढे गुजरातीचे मोठे लेखक झाले. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. सवाई म्हणजे एकावर पाव जास्त. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती पुस्तकासाठी मिळाला. हे पाव कुठून आलं असेल? मला वाटतं, जी गोष्ट आपल्याला आयती मिळालेली नसते ती माणूस नीट न्याहाळून घेतो. जन्मापासून एखाद्या वाड्यात राहणाऱ्याला त्याच्या जिन्याच्या पायऱ्या किती ते सांगता येत नाही, नव्या भाडेकरूला पहिल्याच आठवड्यात पाठ होतात.

आपल्या भाषेतही असे भाडेकरू होऊन गेले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला आणि त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आजही एखादा जुना शब्द अडला की मी आधी तोच उघडते.

पण ही सगळी लिहिणारी माणसं, आणि तुमचा प्रश्न बोलण्याचा आहे. जोसेफ कॉनरॅड पोलिश घरात वाढला, इंग्रजी विशीनंतर जहाजांवर शिकला आणि इंग्रजीतला थोर कादंबरीकार झाला. बोलताना मात्र त्याचा परका हेल शेवटपर्यंत गेला नाही. उलट लताबाई. त्यांच्या सुरुवातीच्या काळात दिलीपकुमार म्हणाले होते की मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. त्यांनी मौलवींकडे रीतसर उर्दूचे धडे घेतले आणि पुढे त्यांच्या गाण्यातले उच्चार उर्दू घरात वाढलेल्यांनीही वाखाणले. म्हणजे लेखन, उच्चार, शब्दसंग्रह हे सगळं मेहनतीनं कमावता येतं. आणि हे लक्षात घ्या की मातृभाषकालाही ते कमवावंच लागतं. प्रमाणलेखन कोणी आईच्या मांडीवर शिकत नाही, शाळेतच शिकतो. त्या शर्यतीत दोघंही जवळपास एकाच रेषेवरून सुटतात, मग जास्त धावेल तो पुढे.

न शिकवता आपोआप येणारी भाषा मात्र वेगळी आहे. 'चमचा' म्हणताना जीभ दातांमागे टेकते, 'चमचे' म्हणताना दुसरा च लगेच टाळूकडे सरकतो. 'माझा' आणि 'माझी' यांतल्या झ चंही तेच. 'जग' लिहायचं एकच, पण दुनिया या अर्थी ज वेगळा आणि 'शंभर वर्षं जग' म्हणताना वेगळा. आपण हे दिवसातून कितीतरी वेळा करतो आणि करतो आहोत याचा पत्ताही नसतो. वर्गात एका केरळी सिस्टरनं मला विचारलं होतं, "भिंत आणि वीट दोन्ही 'ती', मग भिंतीला आणि विटेला असं का?" मी फळ्यावर भिंती-विटा, भिंतीला-विटेला असं मांडलं, की ज्याचं अनेकवचन 'ई'त त्याला 'ई', 'आ'त त्याला 'ए'. ती दोन मिनिटं वहीत बघत राहिली आणि म्हणाली, "मग चुका, पण चुकीला?" तो नियम तिथंच मोडला. ते मला तोपर्यंत कधी दिसलंच नव्हतं. पण चार वर्षांच्या मराठी मुलाला 'चुकीला' सहज म्हणता येतं.

या सिस्टरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिनं दिलं. सहा महिन्यांत तिचं मराठी तुमच्या सहकाऱ्यासारखं झालं, एकही चूक नाही. तेवढ्यात वॉर्डात जुन्नरकडची एक आजी आली. "कंबरंत उसण भरलीया बाय," म्हणाली. सिस्टरला 'वेदना' माहीत होतं, 'दुखणे' माहीत होतं, उसण नाही. शेवटी वॉर्डातल्या मावशींनी वाकून, कमरेला हात लावून, एकदम थबकून दाखवलं. त्या रात्री तिनं एक दोनशेपानी वही केली. रुग्ण जो शब्द वापरेल तो मल्याळम लिपीत लिहायचा, आणि समोर तो सांगताना त्याचा हात कुठे होता ते. गळू ठसठसतं, जखम ठणकते, भाजलेलं चुरचुरतं, काटा सलतो, पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात, पोटात मुरडा येतो, छातीत चमक निघते. मावशी संध्याकाळी ती वही तपासायच्या.

दोन वर्षांनी ती मला म्हणाली की एका आजोबांच्या दाढेत तिडीक उठत होती. मी म्हटलं, तिडीक तर डोक्यात जाते, राग आल्यावर. "नाही मॅडम, आधी दुखण्यातच असते." मोल्सवर्थ उघडला. वेदना हा अर्थ आहेच. दुखण्याच्या मराठीत ती तेव्हाच माझ्या पुढे गेली होती, मी तर पुण्यातच जन्मलेली. आणि ती पुढे गेली ती पुस्तकातून नाही, मावशींच्या आणि जुन्नरच्या आजीच्या मराठीतून गेली. बेंद्र्यांची कन्नड मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. धारवाडच्या मराठी घरातला हा कवी, ज्ञानपीठ मिळवलं ते कन्नडमध्ये, आणि त्यांच्या कवितेची ताकद धारवाडकडच्या बोलीत आहे, परीक्षेच्या कन्नडमध्ये नाही.

आता तुमच्या घरच्यांकडे येते. तुमचा सहकारी 'मला मदत कर' म्हणतो हे छानच आहे, तुम्हीही म्हणा, 'माझी मदत' हिंदीतून आली आहे आणि मलाही ती खटकते. पण त्याच न्यायानं मग नागपूरचा माणूस 'तो काय करून राहिला' म्हणाला की त्याचं मराठी अशुद्ध ठरवलं जातं, मुंबईतली मुलगी 'मी आली' म्हणाली की नाकं मुरडली जातात, आणि वर म्हटलं जातं, अरे तो मद्रासी बघ किती शुद्ध बोलतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याच वर्गाच्या कार्यक्रमात एका विदर्भातल्या शिपाईदादांना कोणीतरी असं ऐकवलं आणि ते पुढचा तासभर तोंड उघडेनात. मला त्याचा आजही संताप येतो. 'करून राहिला' ही चूक नाही, त्या भागाच्या मराठीचा नियम आहे आणि तिथलं मूल तो अचूक पाळतं. शिकणाऱ्याचं चूक की बरोबर हे ज्या मापानं मोजायचं, ते माप अशा कोट्यवधी माणसांच्या बोलण्यातूनच तयार झालेलं असतं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या, फलटणच्या बोलण्यातल्या विविधतेवर त्यांनी पीएच.डी. केली आणि तिथेच मुलांसाठी शाळा उभी केली. बाहेरून आलेल्या बाईंना गावातल्या मुलांची बोली अभ्यासण्याजोगी वाटली, आपल्याला ती सुधारण्याजोगी वाटते.

वयाचंही कोणीतरी विचारेलच. २०१८ साली इंग्रजी व्याकरणाच्या एका ऑनलाइन चाचणीतून सुमारे पावणेसात लाख लोकांची माहिती तपासली गेली. व्याकरण उचलण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग घसरते, असं त्यात दिसलं. अगदी मातृभाषकासारखं यायला मात्र दहाच्या आत सुरुवात केलेली बरी. माझ्या वर्गात सगळे त्यापुढचे, तरी मी कोणाला परत पाठवलं नाही.

त्यांना सर्वांत उशिरा येतं ते एक-दोन अक्षरांचं मराठी. 'बसा', 'बसा ना', 'बसा की', 'बसा हो', 'बसाच'. पाचही वेळा खुर्ची एकच, पण पहिल्यात नुसतं सांगणं आहे, दुसऱ्यात आर्जव, तिसऱ्यात 'का उभे राहिलात?', चौथ्यात जवळीक, आणि पाचव्यात आता नाही म्हणायची सोय नाही. 'आला', 'आला एकदाचा', 'आला बाई' यांतही तेच. शुद्ध बोलणाऱ्या शिकाऊ माणसाच्या मराठीत हे शब्द नसतात, म्हणून ते स्वच्छ वाटतं आणि थोडं गारही. तुमच्या सहकाऱ्याला उपयोगी पडायचं असेल तर त्याच्याशी इंग्रजीत वळू नका, आणि 'किती शुद्ध बोलतोस' म्हणण्याऐवजी त्याच्याबरोबर भांडा, चेष्टा करा, घरी जेवायला बोलवा. आग्रह करताना वापरलेलं मराठी वर्गात शिकवता येत नाही, मी प्रयत्न केला आहे.

ती सिस्टर गेल्या महिन्यात भेटली. तिची मुलगी पुण्यात जन्मलेली, दुसरीत आहे. घरी मल्याळम आणि बाहेर पुणेरी मराठी, चमचा-चमचे अगदी जागच्या जागी. आम्ही बोलत असताना ती मध्येच म्हणाली, "अम्मा, शेजारच्या आजी म्हणाल्या पाठीत उसण भरली. म्हणजे काय गं?" सिस्टर उठली, वाकली, कमरेला हात लावला आणि एकदम थबकली, हुबेहूब मावशींसारखी.