जंगलातही रांगच? लांब पल्ल्याच्या ट्रेल्सवरच्या गर्दीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या दोन मोठ्या ट्रेल्सबद्दल लिहिलं होतं, पूर्वेकडची ॲपलाचियन आणि पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट. त्यावर भरपूर पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की महिनोन्‌महिने चालायचं ते शांततेसाठी, तिथेही माणसांचीच झुंबड असेल तर काय उपयोग. म्हणून यावेळचं सगळं सदर या गर्दीलाच दिलंय.

प्रश्न: ताई, मी पुढच्या मार्चमध्ये ॲपलाचियन ट्रेलला जायचं ठरवलंय, जॉर्जियातून सुरुवात. पण व्हिडिओ बघितले तर एकेका शेल्टरभोवती वीस-पंचवीस टेंट दिसतात. पाच-सहा महिने हे असंच असतं का?

नाही, अजिबात नाही. ही गर्दी ठरावीक जागी आणि ठरावीक आठवड्यांतच असते, आणि ती का होते ते कळलं की ती टाळताही येते.

बघा, ट्रेल साधारण ३,५०० किलोमीटरची, जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत, १४ राज्यांतून जाते. आता कटाडिन ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे तिथलं कॅम्पिंग १५ ऑक्टोबरला बंद होतं, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आत पोचायचंय, आणि दक्षिणेत थंडी ओसरायच्या आधी निघण्यात अर्थ नाही, मग काय, सगळेच मार्चच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत एकाच टोकाला एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. त्यात १ मार्च, १ एप्रिल असल्या लक्षात राहणाऱ्या तारखा आणि वीकेंड आले की आणखी भर. याला तिकडे ‘बबल’ म्हणतात, माणसांचा हा फुगा ट्रेलवरून हळूहळू वर सरकत जातो.

त्या बबलमध्ये संध्याकाळी काय दिसतं ते सांगते. शेल्टर म्हणजे तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी लाकडी पडवी, आठ-दहा-बारा माणसांची. दुपारी चारलाच ती भरलेली असते, आत स्लीपिंग बॅग खेटून खेटून, बॅगा खुंट्यांना टांगलेल्या, आणि उशिरा येणारा टेंटसाठी जागा शोधत उतारावर वरखाली फिरतोय. आजूबाजूची जमीन इतकी तुडवलेली की गवताचं पातं नाही, झाडांची मुळं उघडी पडलीयत, आणि दरवर्षी हा बोडका पट्टा थोडा थोडा बाहेर पसरतो, कारण प्रत्येकाला आपला टेंट जरा बाजूला हवा असतो. मला या गर्दीचं सगळ्यात वाईट वाटतं ते इथे. आपल्याला झालेली गैरसोय एका रात्रीची असते, त्या जमिनीचं तसं नसतं.

पण मग साधारण ५० किलोमीटरवर नील गॅप नावाची खिंड येते, तिथे ट्रेल चक्क एका दगडी इमारतीच्या कमानीखालून जाते आणि शेजारच्या झाडावर लोकांनी सोडलेले बूट लटकतायत. बरेच जण तिथूनच घरी जातात. थ्रू-हायकर म्हणून, म्हणजे पूर्ण ट्रेल एका दमात चालायला, निघालेल्यांपैकी साधारण चारातला एकच शेवटपर्यंत पोचतो, त्यामुळे व्हर्जिनियापर्यंत गर्दी आपोआप विरळ झालेली असते. पुढे न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये पुन्हा माणसं दिसतील पण ती जास्त करून एका दिवसासाठी, वीकेंडला आलेली.

तुम्ही काय करा, या पूर्ण ट्रेलला एकच असं परमिट नाही, पण ट्रेलची काळजी घेणाऱ्या ॲपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे सुरुवातीची तारीख नोंदवायची सोय आहे, सक्ती नाही, आणि कुठल्या दिवशी किती जणांनी नाव दिलंय तेही तिथे दिसतं. कमी नावांचा, आठवड्याच्या मधला दिवस निवडा. गर्दी चुकवायला म्हणून फेब्रुवारीत मात्र निघू नका, जॉर्जियाच्या डोंगरांवर तेव्हा बर्फ आणि गारठा असतो आणि नवख्या माणसाचे त्यात हाल होतात.

आणि मला विचाराल तर फ्लिप-फ्लॉप करा. म्हणजे एप्रिलच्या शेवटी वगैरे हार्पर्स फेरी या गावापासून, जे साधारण मध्यावर आहे, उत्तरेला कटाडिनपर्यंत जायचं, मग गाडीने परत हार्पर्स फेरीला येऊन दक्षिणेला स्प्रिंगरपर्यंत. अंतर तेवढंच, सुरुवातीची वाट सोपी, ऑक्टोबरची घाई नाही. लोकांना वाटतं की शेवट कटाडिनच्या पाटीवर हात ठेवूनच व्हायला पाहिजे नाहीतर तो खरा थ्रू-हाइक नाही. असं काही नाहीये, कॉन्झर्व्हन्सी सुद्धा दोन्ही सारखंच मानते.

प्रश्न: पॅसिफिक क्रेस्टचं परमिट मिळालं नाही, दिवसाला फक्त ५० लोक घेतात म्हणे. मित्र म्हणतो तसाच जा, कोण बघतंय एवढ्या जंगलात. काय करू?

तसं जाऊ नका. रेंजर विचारतात हा भाग सोडा, पण ५० चा आकडा कुणी उगाच ठरवलेला नाहीये. मेक्सिकोच्या सीमेवरून उत्तरेला निघणाऱ्यांसाठी ही मर्यादा २०१३ मध्ये आली, कारण तिथेही सगळे एप्रिलच्या दोन-तीन आठवड्यांतच निघायचे, आणि सुरुवातीचा शेकडो किलोमीटरचा पट्टा वाळवंटाचा, पाणी लांब लांब अंतरावर, टेंट लावण्याजोगी सपाट जागा मोजक्या. एकाच रात्री शंभर-दीडशे माणसं एका झऱ्याशी उतरली तर त्या झऱ्याचं काय होणार. १ मार्च ते ३१ मे रोज ५० धरले तरी ४,६०० माणसं होतात, ही संख्या कमी नाहीच, फक्त ती पसरून जावी एवढीच अपेक्षा आहे. विनापरमिट गेलेला माणूस नेमका पसंतीच्या तारखेलाच जातो, म्हणजे ज्यांनी तडजोड करून मेच्या शेवटची तारीख घेतली त्यांच्यावर हा अन्याय आहे.

मार्ग आहेत की. परमिट नोव्हेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत देतात, मोफत असतं, आणि पुढे लोक आपली तारीख रद्द करत राहतात तसतशा जागा परत उघडतात, त्यामुळे रोज एकदा बघत राहा, मिळतं. नाहीतर ५०० मैलांपेक्षा, म्हणजे ८०० किलोमीटरपेक्षा कमी अंतराचा टप्पा घ्या, त्याला हे लांब पल्ल्याचं परमिट लागत नाही, त्या त्या जंगल विभागाची परवानगी घ्यायची. किंवा उत्तरेकडून दक्षिणेला या, जूनच्या मध्यानंतर, तिथे रोज १५ ची मर्यादा आहे पण मागणीही कमी.

उत्तर टोकाची एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. २०२५ पासून कॅनडाने ट्रेलवरून आत यायची परवानगी देणं बंद केलंय. त्यामुळे उत्तरेला जाणारे सीमेवरच्या लाकडी खांबांपर्यंत पोचतात आणि हार्ट्‌स पास नावाच्या खिंडीपर्यंत जवळपास ४८ किलोमीटर परत चालत येतात, आणि दक्षिणेला निघणाऱ्यांना तर पूर्वीपासूनच आधी तिथून सीमेपर्यंत जाऊन मागे फिरावं लागतं. म्हणजे तेवढ्या तुकड्यावर प्रत्येक माणूस दोनदा चालतो. टेंट लावताना तिथे जास्त काळजी घ्या.

प्रश्न: एवढ्या लोकांत आजार पसरतात का? पाण्याचा फिल्टर नेणार आहे, तो पुरेसा आहे ना?

पसरतात, मुख्यतः नोरोव्हायरस, उलट्या आणि जुलाब, ॲपलाचियनवर त्याच्या साथी येऊन गेल्यात. नेहमीचा पोकळ धाग्यांचा फिल्टर बॅक्टेरिया अडवतो पण व्हायरस त्यातून निसटतात, आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं, तेही झऱ्यापासून लांब जाऊन. संशय असला तर पाणी उकळून घ्या. दुसऱ्याच्या चिवड्याच्या पुडीत हात घालू नका, आपल्या पुडीतून त्याच्या हातावर ओता. आणि पोट बिघडलं असेल तर शेल्टरमध्ये झोपूच नका, बाहेर टेंट लावा आणि सगळ्यांना सांगा, लाजू नका. संडास नसेल तिथे पाणी, वाट आणि कॅम्पपासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून सोबत. हे ऐकायला नको वाटतं पण रोज पन्नास माणसं चालतात तिथे दुसरा इलाजच नाही.

प्रश्न: माझी मुलगी एकटी पॅसिफिक क्रेस्टला निघालीये. घरात सगळे गर्दीला नावं ठेवतात, मला उलट गर्दी आहे म्हणून बरं वाटतं. माझं चुकतंय का?

नाही हो, तुमचं बरोबर आहे. पहिल्या काही आठवड्यांत पाठीमागून कुणीतरी येतंय हा फार मोठा आधार असतो. घोटा मुरगळला, पाणी संपलं, उन्हाने चक्कर आली तर तासाभरात माणूस भेटतो, आणि ज्यांच्याबरोबर ती रोज पुढेमागे होईल ते लोक दोन दिवस ती दिसली नाही तर आपणहून चौकशी करतात. एकट्या निघालेल्या कितीतरी मुली तिथेच जिवाभावाच्या मैत्रिणी घेऊन येतात.

फक्त एक गोष्ट तिला नक्की सांगा. सिएरा नेवाडाची उंच डोंगररांग लागायच्या आधी केनेडी मेडोज नावाची जागा येते, साधारण १,१३० किलोमीटरवर, तिथे बर्फ वितळायची वाट बघत लोक साचतात आणि मग घोळक्याने निघतात. बर्फात वाट दिसत नाही, दिसतात ती पुढच्याची पावलं, आणि तो पुढचा चुकला असला तर त्याच्यामागचे वीसही चुकतात, आणि एवढी पावलं बघून एकविसाव्याला वाटतं की हीच वाट. ओढा ओलांडतानाही तसंच, सगळे उतरतायत म्हणून आपणही उतरायचं. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, पहाटे तोच ओढा कमी असतो, तेव्हा घोळका दुपारी निघाला तरी तिने सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. नकाशा तिचा स्वतःचा असू दे, फोनमध्ये आणि कागदावर दोन्ही, आणि मागे फिरायचा निर्णय तिचा तिने घ्यायचा, ग्रुप काय म्हणेल याचा विचार न करता. हे तुम्ही आई म्हणून सांगितलंत तर तिला त्या क्षणी आठवेल.

प्रश्न: भाऊ ट्रेलजवळ राहतो. हायकर्ससाठी रस्त्यावर पाणी, कोल्ड्रिंक, खाऊचा खोका ठेवून द्यायची त्याची इच्छा आहे. चालेल?

इच्छा चांगली आहे, पण खोका ठेवून निघून जाऊ नये. अस्वलं येतात, रिकामे कॅन वाऱ्याने उडतात, आणि आधीच दाटीत चालणारे लोक तिथेच तास-दीड तास ठिय्या देतात. खाणं सहज मिळालं की अस्वल माणसांपाशी यायला शिकतं आणि शेवटी जीव त्याचाच जातो. जॉर्जियात ब्लड माउंटनच्या पट्ट्यात १ मार्च ते १ जून रात्री राहायचं तर बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा, सक्तीचा आहे, तो याचमुळे. भावाला द्यायचंच असेल तर समोर बसून हातात द्यावं आणि निघताना सगळं उचलून न्यावं. त्याहून उपयोगाचं म्हणजे त्याने जवळच्या ट्रेल क्लबमध्ये नाव घालावं, ॲपलाचियनची देखभाल असे तीसेक क्लब स्वयंसेवकांच्या जोरावर करतात, आणि तुडवलेली जमीन सावरायला, पावसाच्या पाण्याचे चर काढायला त्यांना माणसं कमीच पडतात.

प्रश्न: गर्दी नको आणि सहा महिने सुट्टीही नाही. लहान असं काही सुचवा.

व्हरमाँटची लाँग ट्रेल. ४३८ किलोमीटर, तीन-चार आठवड्यांची. दक्षिणेकडचे साधारण १६० किलोमीटर ती ॲपलाचियनबरोबरच जाते, तेवढ्यात थ्रू-हायकर भेटतील, मग ॲपलाचियन पूर्वेला वळते आणि उत्तरेचा भाग खूपच शांत आहे, फक्त चढ जास्त आणि चिखलही. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, बर्फ वितळून वाट भिजलेली असते आणि देखभाल करणारा क्लबच मेअखेरपर्यंत उंचावरच्या वाटांवर येऊ नका म्हणतो, कारण लोक चिखल चुकवायला कडेने चालतात आणि वाट रुंद होत जाते. ऑगस्टच्या शेवटी निघा, डासही कमी झालेले असतात. चिखल लागला तर सरळ त्यातूनच चाला, बूट भिजले तर भिजू देत.