तंत्र-शंका : अक्षरांची आउटलाइन शिरोरेषा तोडते तेव्हा

प्रश्न : आमच्या गावातील कानबाईच्या मिरवणुकीचे चित्रीकरण करून मी त्यावर अहिराणी गाण्यांचे शब्द देत आहे. गर्दी, गुलाल आणि उन्हामुळे पांढरी अक्षरे दिसेनाशी होतात, म्हणून काळी आउटलाइन दिली. परंतु आता शिरोरेषेत जागोजागी काळ्या उभ्या रेघा दिसतात आणि ‘ब’ हा ‘व’सारखा वाचला जातो. शिवाय कोपऱ्यात ठेवलेल्या कानबाईच्या छायाचित्राला आउटलाइन दिली, तर ती देवीभोवती न येता चौकोनाभोवती येते. काय करावे?
— एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : दोष तुमच्या निवडीचा नाही. देवनागरीची शेजारशेजारची अक्षरे शिरोरेषेच्या टोकाशी एकमेकांवर किंचित चढलेली असतात, आणि सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराची आउटलाइन स्वतंत्रपणे काढत असेल, तर पुढच्या अक्षराची काळी कड मागच्या अक्षराच्या पांढऱ्या शिरोरेषेवर येऊन बसते. रोमन अक्षरे सहसा सुटी असल्याने इंग्रजी शीर्षकांत ही अडचण क्वचितच जाणवते. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स’ हा पर्याय निवडला, की सर्व अक्षरांचा रंग सर्व आउटलाइनच्या वर येतो. असा पर्याय जिथे नाही, तिथे शीर्षकाची प्रत करून ती नेमकी त्याच जागी खालच्या ट्रॅकवर ठेवावी. खालच्या प्रतीला जाड आउटलाइन द्यावी आणि वरची प्रत आउटलाइनशिवाय ठेवावी. शब्द बदलायचा झाल्यास दोन्हीकडे बदलावा लागतो, त्यामुळे हे काम शुद्धलेखन तपासून झाल्यावरच हाती घ्यावे.

‘ब’चा ‘व’ होण्याचे कारण मात्र निराळे आहे. आउटलाइन अक्षराच्या कडेवर मध्यभागी धरलेली असली, की तिची निम्मी जाडी आत शिरते आणि ‘ब’च्या पोटातील बारीक तिरकी रेघ गिळून टाकते. प्रीमियर प्रोमध्ये स्ट्रोकसाठी, म्हणजे आउटलाइनसाठी, ‘आउटर’ निवडावे. दाविंची रिझॉल्व्हच्या टेक्स्ट प्लसमध्ये शेडिंगखाली ‘आउटसाइड ओन्ली’ ही खूण करावी. जाडी अक्षराच्या कान्यापेक्षा कमीच असावी, नाहीतर अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या काळ्या कडेत मिसळतात. फॉन्ट मुळात ठसठशीत घेतला, तर बारीक आउटलाइनही पुरते. मुक्ता किंवा बलू या फॉन्टचे जाड प्रकार मोफत मिळतात. लाल किंवा पिवळी आउटलाइन गुलालाच्या मिरवणुकीत, माझ्या मते, निरुपयोगी आहे.

आता छायाचित्र. जेपीजी फाइलमध्ये पारदर्शक भाग साठवता येत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला चित्राची कड म्हणजे चौकोनच दिसतो. देवीभोवतीची पार्श्वभूमी काढून चित्र पीएनजीमध्ये साठवावे. चित्र स्थिर असल्याने त्याची किनार व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये करण्याचा खटाटोपही नको. जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘अल्फा टू सिलेक्शन’ने चित्राचा आकार निवडावा, ‘ग्रो’ने ती निवड काही पिक्सेलनी वाढवावी, आणि चित्राच्या खाली नवा थर घेऊन त्यात हवा तो रंग भरावा. हे चित्र पुन्हा पीएनजी म्हणूनच निर्यात करावे. कापताना चारही बाजूंना थोडी मोकळी जागा राखावी. चित्र अगदी काठापर्यंत भिडले असेल, तर त्या बाजूची किनार कापली जाते.