बिल्टीवर घेणाऱ्याचं नाव कुठंय?

काका, 2015 च्या नेपाळ भूकंपात आमच्या महिला मंडळानं रामबागेत घरोघरी फिरून पोहे, साखर, चादरी गोळा केल्या होत्या. तेव्हाही आणि नंतर प्रत्येक आपत्तीतही टीव्हीवर तेच दिसतं. विमानतळावर मालाचे ढीग आणि गावात माणसं उपाशी. जगभरातून मदत येते, मग अडते कुठे?
— एक वाचिका, सुदामानगर

ताई, अडते ती अगदी शेवटच्या टप्प्यात. माल अर्धी पृथ्वी ओलांडून काठमांडूला उतरतो, पण तिथून गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकला जायला त्याला वाट नसते.

माझं आयुष्य इंदूरच्या सियागंज बाजारात बिल्ट्या, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावत्या, फाडण्यात गेलं, त्यामुळे मदतीकडेही मी बिल्टीच्या नजरेनंच बघतो. पाठवणाऱ्याचं नाव सगळेच ठळक अक्षरात लिहितात, फोटोही काढतात. घेणाऱ्याचा रकाना बघा. 2001 साली कच्छच्या भूकंपानंतर इथून ट्रक निघाले, तेव्हा कितीतरी बिल्ट्यांवर त्या रकान्यात नुसतं ‘भूकंपग्रस्त, कच्छ’ एवढंच होतं. आमचा एक ड्रायव्हर सांगायचा, सूरजबारीच्या पुलाला तडे गेलेले, अलीकडे गाड्यांची ही रांग, आणि पलीकडे भचाऊजवळ जो भेटेल तो म्हणे, ‘आगे ले जाओ.’ जुन्या कपड्यांच्या गाठी लोकांनी रस्त्याच्या कडेलाच टाकल्या होत्या, त्यात कुणाची तरी लग्नातली शेरवानीसुद्धा. हा पठ्ठ्या मात्र धान्याचा ट्रक घेऊन तसाच उभा राहिला. एका गावातल्या मास्तरांनी पोती मोजून सही केली, तेव्हाच त्यानं फाळका उघडला. परदेशी मदतीतही हीच मेख आहे, फक्त मास्तरांच्या जागी तिथं आख्खं सरकार असतं.

नेपाळचंच बघा. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच. आठवडाभर जड विमानं उतरून तिची अवस्था अशी झाली की 3 मे पासून 196 टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. उतरलेला माल कस्टम्समध्ये तुंबला, आणि लवकर सोडा म्हणून संयुक्त राष्ट्रांना जाहीर विनंती करावी लागली. त्यात आलेला माल तरी कसा? टुना मासा आणि मेयोनीज! आम्हाला धान्य, मीठ, साखर हवी आहे, असं नेपाळच्या अर्थमंत्र्यांना सांगावं लागलं. पुढे दरडींनी रस्ते बंद झालेले. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमानं मग गिर्यारोहकांचं सामान वाहणारे हमाल आणि खेचरं कामाला लावली. म्हणजे जंबो विमानातून आलेला तांदूळ शेवटी माणसाच्या पाठीवर चढला.

हैतीत 12 जानेवारी 2010 ला भूकंप झाला तर राजधानीचं बंदरच मोडलं. तिथंही धावपट्टी एकच. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. सुरुवातीला वाटपात रेटारेटी झाली, दांडगे पुढे आणि बाकीचे मागे. मग 31 जानेवारीपासून आधी कूपन वाटायची आणि 25 किलोची तांदळाची गोणी फक्त बायकांच्या हाती द्यायची, अशी पद्धत बसवली. बाईच्या हातची गोणी चुलीपर्यंत जाते, हा हिशेब त्यामागे होता. तुमच्या मंडळाला तो वेगळा समजावून सांगायला नको!

आणि कधी कधी रस्ता असतो, जहाज असतं, फक्त परवानगी नसते. म्यानमारमध्ये मे 2008 च्या नर्गिस चक्रीवादळात मेलेले आणि बेपत्ता मिळून सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली. तिथली लष्करी राजवट परदेशी मदतनीसांना व्हिसाच देईना. अमेरिकी नौदलाची जहाजं किनाऱ्यासमोर वाट बघून जूनच्या सुरुवातीला परत फिरली. आपली नौदलाची जहाजं मात्र पहिल्याच आठवड्यात माल उतरवून आली. शेजाऱ्याशी बोलणं चालू ठेवलेलं बरं असतं, ते असं.

आपल्या गव्हाचीही तीच तऱ्हा. अफगाणिस्तानला 50 हजार टन गहू द्यायचा प्रस्ताव ऑक्टोबर 2021 चा. अटारीहून पहिले 50 ट्रक, 2,500 टन घेऊन, हलले 22 फेब्रुवारी 2022 ला. अटारी ते जलालाबाद हे अंतर काही फार नाही, पण मध्ये पाकिस्तान. ट्रक कुणाचे, ड्रायव्हर कुठले, यावरच महिने गेले. त्याच्या वीस वर्षं आधी तर पाकिस्ताननं रस्ता दिलाच नव्हता, तेव्हा आपण गव्हाची पौष्टिक बिस्किटं करून अफगाण शाळांतल्या मुलांना पाठवली, रोज माणशी 100 ग्रॅम. धान्य अडलं तर त्याचं रूप बदला, ही युक्ती मला फार पटली.

रस्ते बंद असतील तर विमानातून पोती टाकायला काय हरकत आहे? उगाच एवढा खटाटोप कशाला?
— एक वाचक, लोकमान्यनगर

भाऊ, आधी वजन मांडा. माणशी रोज अर्धा किलो कोरडा शिधा धरला तर एक लाख माणसांना दिवसाला 50 टन. आपल्या वायुसेनेचं सी-17 हे अवाढव्य विमानसुद्धा सत्तर-पंचाहत्तर टनांच्या आसपासच नेतं. म्हणजे एक लाख लोकांसाठी जवळजवळ रोज एक फेरी, आणि आपत्तीत माणसं लाखभरच असतात असं नाही. एक मालवाहू जहाज हजारो टन एका दमात आणतं.

टाकणंही सोपं नाही. दक्षिण सुदानमध्ये टाकतात तेव्हा पोत्यात पोतं घालून शिवतात, मैदान आखून त्यातून माणसं आणि गुरं हटवतात. खाली माणसं नेमलेली असतात, म्हणजे इथंही घेणारा हवाच. सीरियात देर-एझ-झोर शहरावर फेब्रुवारी 2016 मध्ये फार उंचावरून 21 पॅलेट, म्हणजे फळ्यांवर बांधलेले मालाचे गठ्ठे, टाकली. पहिल्या अहवालानुसार चार फुटली, सात मधल्याच निर्मनुष्य पट्ट्यात पडली आणि दहांचा पत्ताच लागला नाही. दुसरा मार्गच नसेल तर टाकावंच लागतं, पण खर्च ट्रकच्या कित्येक पट.

आम्हाला पुढच्या वेळी परदेशात काही पाठवायचं असेल तर काय पाठवावं? फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक काहीही खातील ना?
— एक वाचक, तिलकनगर

नाही खात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर परदेशी मिलो आला, ती लाल ज्वारी. माझी आत्या नगरकडची. तिच्या घरी त्याची भाकरी थापताना तुटायची आणि म्हातारी माणसं ताटावरून उठून जायची. ज्याला ते धान्य रांधायची सवय नाही, ज्याच्याकडे सरपण आणि पातेलं नाही, त्याला तांदळाचं पोतं देऊन काय होणार? म्हणून पहिले काही दिवस बिस्किटं देतात, नंतर शिधा.

जवळपासचा बाजार चालू असेल तर पैसेच पाठवावेत. तिथल्याच दुकानदाराचा माल खपतो, भाडं वाचतं. फुकट आणि स्वस्त परदेशी धान्याचा पूर आला की तिथला शेतकरी बसतो. हैतीत नव्वदच्या दशकात तांदळावरची आयात जकात 3 टक्क्यांवर आणली आणि अमेरिकी तांदळानं तिथली शेती मारली. पुढे 2010 मध्ये खुद्द बिल क्लिंटननं ही चूक झाल्याचं कबूल केलं. अमेरिकेच्या कायद्यात तर मदतीचं निम्मं धान्य त्यांच्याच झेंड्याच्या जहाजातून न्यायची अट आहे. मदत कुणाची आणि धंदा कुणाचा, ते तुम्हीच बघा.

मंडळाच्या खात्यातून परदेशात रक्कम पाठवण्याआधी सी.ए.ला विचारा, नियम आहेत. व्यक्तिशः द्यायचे तर जागतिक अन्न कार्यक्रमाकडे ऑनलाइन देता येतात. इंडियन रेड क्रॉसकडेही चौकशी करा. आणि देशातच कुठे ट्रक पाठवत असाल तर आधी तिथल्या तहसीलदाराशी फोनवर बोला, उतरवून घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर बिल्टीवर घाला. पोहे चालतील, पाण्यात भिजवून खाता येतात. लोणच्याच्या काचेच्या बरण्या मात्र कृपा करून देऊ नका.